बेलिफाचा शेरा

कोर्टाची समन्स घरोघर पोचवणाऱ्या बेलिफाने आपलीच तक्रार कारकुनापुढे सरकवली. राष्ट्राध्यक्ष भेटीला येणार म्हणून त्यांच्या हुकमाने इस्पितळातला वॉर्ड रिकामा झाला, ऑक्सिजनवरच्या त्याच्या बायकोला बोळात नेऊन ठेवलं आणि ती तिथेच गेली, एवढंच तक्रारीत होतं.

"काका, पदावर असेपर्यंत त्यांच्यावर खटला चालत नाही."

"आणि ते उतरणार कधी?"

"तहहयात आहेत ते."

"मग मेल्यावर?"

"मेलेल्या माणसावर कोण खटला भरतं? घरी जा."

आठवड्याने त्याच कारकुनाने त्याच्या हातात एक समन्स ठेवलं. राष्ट्राध्यक्षांनी त्या तक्रारीवरून बदनामीचा दावा लावला होता, बेलिफावरच.

"त्यांना बरा लावता येतो!"

"त्यांना सगळं येतं. तुमच्याच हद्दीतलं आहे, तुम्हीच बजावा. आणि शेरा नीट लिहा. जज्जसाहेब तो भर कोर्टात वाचतात, मगच दप्तरी लावतात."

एकतीस वर्षांत बेलिफाचा शेरा एका ओळीपुढे कधी गेला नव्हता. आपल्याच बंद दारापुढे उभं राहून त्याने समन्सच्या पाठीवर लिहिलं, 'घेण्यास नकार. कारण', आणि तिला बोळात नेलं त्या सकाळपासून सुरुवात केली.