नवा काटा

नाथाच्या पिकअपचं मागचं टायर पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा फुटलं, तेव्हा मन्मथप्पांनी हवा मोजायचा जुना काटा भंगारात टाकला आणि बीडहून नवा आणला. मांजरसुंब्याच्या चौकात वीस वर्षं हवा भरणाऱ्या माणसाचा हात चुकेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चुकला असेल तर काटाच.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातली दुपार. डांबर चपलांना चिकटत होतं. नाथाची गाडी दुकानापुढं उभी होती आणि मागच्या हौद्यात बारा-तेरा माणसं दाटीवाटीनं बसली होती. नाथाच्या भाचीच्या, योगिताच्या लेकराचं जावळ काढायला सगळे कपिलधारला निघाले होते. लेकरू पदराखाली किरकिरत होतं.

मन्मथप्पा मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांची बायको गंगासागर हौद्यातल्या बायकांना पाणी देऊन त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. मन्मथप्पांनी पाइप काढला, काटा लावला, तबकडी डोळ्यांपुढं धरली.

"किती, आप्पा?" नाथानं विचारलं.

"पन्नास. बरोब्बर."

गंगासागरची नजर सहज तबकडीवर गेली. सुई सत्तरच्याही पुढं होती.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिनं वाकून बघितलं. पंच्याहत्तर. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळे तबकडीकडं होते, पण सुईवर नव्हते. अंधारात कोनाडा चाचपावा तसा त्यांचा अंगठा काचेवरून फिरत होता. महिनाभर ते पेपर तिच्याकडून वाचून घेत होते. "तुझ्या तोंडून ऐकाया बरं वाटतंय," म्हणायचे, आणि ती मनातून सुखावायची.

एवढ्या हवेनं चाक वाटेतच फुटलं असतं. पुढं उतार होता, आणि टायर आत्ताच विस्तवासारखं तापलं होतं.

"नाथाभाऊ, थांबा," ती म्हणाली. "काटा खोटा हाय."

"ह्यो बी खोटा?" नाथा उखडला. "मग दुकान कावून उघडं ठिवलंय? माणसं बसलीत यात, मेंढरं न्हाईत!"

"काटा खरा हाय," मन्मथप्पा कडाडले. "तिला काय कळतंय? तीन काट्यांसंगं ताडून आणलाय म्या." त्यांनी टायरवर थाप मारली. "हाताला बी पन्नासच लागतंय."

त्या थापेनं नाथाचं समाधान झालं. तो केबिनमध्ये चढला, गाडी सुरू केली. गंगासागरनं नवऱ्याच्या हातातला काटा ओढून घेतला आणि ती गाडीच्या आडवी उभी राहिली.

"उतरा खाली. तुमी सोता वाचा."

नाथा धुसफुसत उतरला. त्यानं चाकाला काटा लावला, बघितलं, पुन्हा लावला. "पंच्याहत्तर," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. तो मन्मथप्पांकडं बघत राहिला.

मन्मथप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले. "तेच तर म्हणत होती ती," ते घाईघाईनं बोलले. "काटाच खोटा हाय, नाथा. उद्या परत करतो."

सगळे गंगासागरकडं बघू लागले. तिनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हवा कमी करून ही गाडी सुखरूप गेली असती. उद्या दुसरी आली असती.

"काटा खरा हाय," ती म्हणाली. "आमच्या मालकाला दिसत न्हाई."

नाथानं एकेका चाकाची हवा स्वतः सोडली, स्वतः मोजली. जाताना त्यानं काटा बाकड्यावर ठेवला आणि मन्मथप्पांचा दंड धरून त्यांना शेजारी बसवलं. "बसा, आप्पा," एवढंच म्हणाला. गाडी गेली.

गंगासागरनं पाइप गुंडाळून जागेवर ठेवला.

"चारचौघांत बोललीस," मन्मथप्पा म्हणाले.

"व्हय."

"घरात बोलली असतीस."

"घरात तुमी कवा सांगितलंत?"

कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला, धडधडला, बंद पडला. मग एक ट्रक येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं हाक दिली, "आप्पा, पुढच्या दोनीत हवा बगा!"

मन्मथप्पा सवयीनं उठले. पाइप त्यांच्या हाताला बरोबर लागला. चाकाशी बसून त्यांनी हवा भरली, काटा लावला, आणि वाचायला म्हणून डोळ्यांपुढं नेला. मग हात तसाच थांबला.

"घे," ते हळूच म्हणाले. "तूच वाच."

काटा त्यांनी डाव्या बाजूला, दाराशी रचलेल्या जुन्या टायरांच्या चळतीपुढं, तीच समजून, धरला होता. गंगासागर उजवीकडं होती. चपलेचा आवाज न करता ती वळसा घालून तिथं जाऊन उभी राहिली, आणि तिनं तो हातात घेतला.