चौकटीवरचा हार

१९९६ साली सांगलीच्या छापखान्यात शकुंतला संगणकावर भजनांच्या कॅसेटचं कव्हर सजवत होती. गायक हंबीररावांच्या फोटोमागं तिनं सोनेरी तेज फाकवलं, चौकट काढून वर झेंडूचा हार सोडला. मिरजेत त्यांचं ऑपरेशन चालू होतं. तिथं बसवेना म्हणून पत्नी लीलाबाई कव्हर बघायला आल्या. “आगं बाय, जित्या मानसाच्या फोटूला हार?” शकुंतला चरकली. सेव्ह झालेला हार एकेक फूल खोडूनच निघणार होता. तेवढ्यात फोन वाजला. “दवाखान्यातनं आसंल,” छापखान्याचे मालक उठले. “हार निघंस्तवर उचलू नगासा,” म्हणत लीलाबाई फोनपुढं उभ्या राहिल्या. तो थांबला, पुन्हा वाजला. शेवटचं फूल पुसून शकुंतलानं फोन घेतला. हंबीरराव शुद्धीवर आले होते. शकुंतलानं कुठल्याच फोटोवर पुन्हा फूल चितारलं नाही. हंबीरराव पुढं बारा वर्षं गायले. ते गेल्यावर त्याच फोटोला लीलाबाईंनीच हार घातला.