कधीच न तापणारा ट्रान्झिस्टर

"सत्य आज ना उद्या वर येतंच," हे धोपेश्वरकर साहेबांचं आवडतं वाक्य. ते सत्य मंगळवारी सकाळी आमची नवी इंजिनिअर मृण्मयी हिच्या स्क्रीनवर आलं आणि साहेबांना अजिबात आवडलं नाही.

नवजात बाळांना ऊब देणारी पेटी ही आमच्या कंपनीची नवी शान. तिचं सर्किट कॉम्प्युटरवर वर्षभर झकास चाललं होतं. प्रत्यक्ष पेटीत मात्र ट्रान्झिस्टर अर्ध्या तासात जळायचा. कारण मृण्मयीने शोधलं. सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी ट्रान्झिस्टरचं आदर्श मॉडेल घातलं होतं आणि ते कधी तापतच नसे. तिने खऱ्या ट्रान्झिस्टरचं मॉडेल घातलं, तशी तापमानाची रेघ थेट छताला भिडली.

"सर, डिझाइन बदलावं लागेल. दोनेक महिने जातील."

"अगं, हॉस्पिटलची खरेदी समिती दुपारी पेटी बघायला येतेय! तो जुनाच घाल परत. किती गुणी होता बिचारा."

"पण सर, आत बाळ असणार."

"आज नाहीये ना? आणि काय गं, तुझं प्रोबेशन कधी संपतंय?"

 मृण्मयीने जुनं मॉडेल परत घातलं. रेघ शहाण्या मुलीसारखी आडवी झाली.

साहेबांनी तिची पाठ थोपटली. समितीची गाडी फाटकातून आत शिरली, तेव्हा ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "एक काम कर बाळ, तो टेबलफॅन पाहुण्यांकडे नको. पेटीच्या मागे, ट्रान्झिस्टरकडे तोंड करून लाव."