पुकारा

“तुम्ही कोणाकडून?” कोर्टाच्या शिपायाने विचारलं.

“पोरीकडून,” रंगारी म्हणाला आणि खांबाआड आणखी सरकला.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोर आईला चिकटून बसली होती. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. बापाने रागाच्या भरात पिरगळला होता. त्यानंतर बाप जो परागंदा झाला, तो झालाच. त्या हाताकडे नजर गेली आणि रंगाऱ्याने मान फिरवली.

“मग तिकडे जाऊन बसा की. बाईला जरा धीर येईल.”

“नको. ती आधीच घाबरलीय.”

शिपाई बोलघेवडा होता. कायदा त्याने दाराबाहेर उभं राहून ऐकला होता, पण सांगायचा असा, जणू जजसाहेब त्यालाच विचारून निकाल देतात.

“घाबरायचं काय त्यात? जुन्या घराच्या दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली. आता पुकारा करायचा. बापाने ओ दिली नाही, की निकाल एकतर्फी. पोरीचा ताबा आईकडे, कागदांवर सह्या एकट्या आईच्या पुरतात, हवं त्या गावी घेऊन जावं.”

“आणि ओ दिली तर?”

“तर पुढची तारीख. मग तो भेटीचे वार मागणार. बापच तो, कोर्ट देतंही.”

बाप मागणार, यात रंगाऱ्याला तिळमात्र शंका नव्हती. त्या माणसाला तो पुरता ओळखून होता. आधी रडणार, शपथा घेणार, पोरीला बाहुली आणणार. चार दिवस सुतासारखा सरळ वागणार. आणि मग एखाद्या संध्याकाळी पेलाभर दूध सांडलं, एवढ्यावरून त्याचा हात सुटणार.

शिपाई दारात गेला, खाकरला आणि त्याने बापाचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं.

पोरीने दचकून जिन्याकडे पाहिलं. आईने तिला कुशीत ओढलं. जिन्यावर कुणी नव्हतं.

दुसरा पुकारा. रंगाऱ्याने गळ्यातला रुमाल दातांत धरला. देऊ नकोस, तो मनात विनवत होता, आज तरी ओ देऊ नकोस.

तिसरा पुकारा व्हरांडाभर घुमला आणि विरला.

थोड्या वेळाने मायलेकी निकाल ऐकून बाहेर आल्या. आई रडत होती आणि हसतही होती. पोर जिन्यावरून उड्या मारत उतरली. ती दिसेनाशी होईपर्यंत रंगारी खांबाआडून बघत राहिला.

“बघा, उगाच जीव टांगणीला लावलात,” शिपाई म्हणाला. “आला का तो?”

रंगाऱ्याने नुसतीच मान हलवली.

दुपारी तो कामावर शिडीवर चढून भिंतीला पहिला हात मारत होता. खालून मुकादमाने हाक मारली. सकाळी कोर्टात तीनदा पुकारलेलं, तेच नाव.

“ओ,” रंगारी म्हणाला.