साहेबांची शिकवणी

चौथ्या दिवशीही साहेब पाण्यात उतरायला तयार नव्हते.

साहेब म्हणजे कुत्रा. जमीन मोजायला आलेल्या सरकारी जीपमागे तो पार नेकनूरपासून पळत नांदूरघाटला आला. जीप परत गेली, हा धुळाजीच्या शेतात राहिला. खात्यातला म्हणून धुळाजी त्याला अहोजाहो करायचा. स्वतःच्या चौतीस वर्षांच्या मुलाला मात्र 'बे'.

तो मुलगा, बद्रीनाथ, साहेबांच्या पट्ट्याची दोरी धरून शेततळ्याच्या काठावर बसला होता. पाठ करून बसला होता, पण कान तळ्याकडेच होते.

मागच्या सोमवारी साहेब पाणी प्यायला वाकले आणि सरळ तळ्यात गेले. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर नखं ठरेनात. काठाशी यायचे, घसरून परत जायचे. कसंबसं ओढून काढलं, पण तेव्हापासून तळं दिसलं की साहेब थरथरायचे. धुळाजीनं हे फार मनाला लावून घेतलं. तळ्याच्या एका कोपऱ्यात त्यानं पाण्याच्या आतपर्यंत गोणपाट अंथरलं, पंजे रोवून बाहेर येता यावं म्हणून. साहेबांच्या दोन्ही कुशींना तेलाचे रिकामे कॅन बांधले. आणि आता तो स्वतः कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यात उभा होता. बिस्किटं भिजू नयेत म्हणून टोपीत ठेवली होती.

"या साहेब. घाई न्हाई. मी हाय ना हितं."

सत्तावीस वर्षांपूर्वी याच माणसानं बद्रीनाथच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत टाकलं होतं आणि तो बैलांना वैरण टाकायला गेला होता. बद्रीनाथ डब्यासकट तळाशी गेला. चुलत्यानं उडी मारून, केसाला धरून वर काढला. धुळाजी परत आला तेव्हा पोरगं काठावर ओलंचिंब उभं होतं. त्याला वाटलं, झालं शिकून. गावालाही तसंच वाटलं. मग कुणी पोहायला चल म्हटलं की बद्रीनाथ कान दुखतोय म्हणायचा. सत्तावीस वर्षं त्याचा कान दुखत होता.

"आबा, ढकलून द्या ना त्याला," तो म्हणाला. "आपोआप पवतंय."

"ढकलून शिकवतंय व्हय कुणी?"

बद्रीनाथ आता पूर्ण वळला. "मला ढकललं होतं."

"तू लई धीट होतास बे."

तेवढ्यात साहेबांनी एक पंजा ओल्या गोणपाटावर ठेवला. "शाब्बास! एक पाय झाला, तीन राहिले!" धुळाजीनं टोपीतून अख्खं बिस्किट काढून दिलं. एका पंजाला एक बिस्किट. बद्रीनाथ बारावी पास झाला तेव्हा त्याला 'बरं' मिळालं होतं.

चौथ्या बिस्किटाला साहेब पाण्यात होते. धुळाजीनं त्यांच्या पोटाखाली तळहात धरला. तो हात असा उताणा धरता येतो, हे बद्रीनाथला माहीत नव्हतं. साहेबांनी पाय मारले. हळूच हात निघाला. कॅन डुचमळले, साहेब नाक वर करून एक गोल फिरले आणि बरोबर गोणपाटावर येऊन लागले.

"बघ बे! तुझ्यापेक्षा झ्याक पवतेत साहेब!"

बद्रीनाथ उठला. दोरी खांबाला नीट बांधली. शर्ट काढून घडी घातली, घडीवर मोबाईल ठेवला आणि तळ्याच्या मधोमध उडी मारली.

उडी चांगली पडली. पुढचं काही ठरलेलं नव्हतं.

हिरव्या पाण्यात त्याला आधी आपलेच पाय दिसले, मग काहीच दिसेना. मग कुणीतरी बनियन धरून ओढलं. नाकातोंडातून पाणी काढत तो गोणपाटावर आला. धुळाजी शेजारी धापा टाकत उभा होता. टोपी मात्र कोरडी होती.

"तुला पवता येत न्हाई?"

"न्हाई."

"मंग सांगितलं कावून न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई." बद्रीनाथ खोकला. "आबा, त्या डब्याला भोक होतं."

काठावर जाऊन धुळाजीनं साहेबांचे कॅन सोडले. एकेक कॅन पाण्याखाली दाबून धरला, बुडबुडे येतात का ते बघितलं. दोन्ही कॅन पुन्हा एकदा बघितले. मग ते बद्रीनाथच्या काखेखाली बांधले, गाठी ओढून पाहिल्या आणि त्याच्या पोटाखाली तळहात धरला.

"डोकं वर धरा," तो म्हणाला. चार दिवसांत जिभेला वळण पडलं होतं. "पाय हलवा. हलवा. घाई न्हाई. मी हाय ना हितं."

बद्रीनाथनं पाय हलवले. हात कधी निघाला ते त्याला समजलं नाही. समजलं तेव्हा गोणपाट छातीला लागलं होतं.

"शाब्बास!" धुळाजीचा हात सवयीनं टोपीत गेला आणि बिस्किट घेऊन पुढे आला. मग तो हात हवेतच थांबला. दोघंही बिस्किटाकडे बघत राहिले.

बद्रीनाथनं तोंड उघडलं.

वर काठावर, घडी घातलेल्या शर्टाशेजारी, साहेब पाठ करून बसले होते. कान मात्र तळ्याकडेच होते.