चढता अंतरा

"चोराच्या मुलीला चहा पाजायचा म्हणजे अतीच झालं," मास्तर म्हणाले, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"दारात आलेलं माणूस आहे," असं म्हणून बायको कप घेऊन बाहेर गेली.

मास्तर चष्मा शोधत होते. "अगं, माझा..."

"पेटीवर. डाव्या हाताला."

होताच तिथे. त्या घरात लक्षात ठेवायचं काम बायकोचं होतं. मास्तरांना एकाहून एक चाली सुचायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते त्या साफ विसरायचे. नोटेशन लिहायचा कंटाळा, आणि टेपरेकॉर्डरचं कुठलं बटण दाबायचं याचा कायम गोंधळ. म्हणून सुचलेली चाल ते बायकोला म्हणून दाखवायचे. ती एकदाच ऐकायची आणि वीस वर्षांनी विचारली तरी बारीकसारीक हरकतींसकट म्हणायची. कोरसमध्ये गाणारी बाई ती, कान तयार. "ही माझी टेप," मास्तर चारचौघांत सांगायचे, आणि ती हसून आत निघून जायची.

बाहेर बसली होती कविराजांची मुलगी. कविराज म्हणजे मास्तरांचा एकेकाळचा जिवलग गीतकार. याची चाल, त्याचे शब्द. सकाळी कविराजांकडे बसले की अंधार पडला तरी उठायचं नाव नाही.

मग तीस वर्षांपूर्वी मास्तरांना आयुष्यातली सर्वांत चांगली चाल सुचली. ती ऐकून कविराज त्याच दुपारी आजारी वडिलांकडे गावी गेले. पंधरा दिवसांनी परत येतात तर तीच चाल रेडिओवर, साहेबांच्या नावाने! साहेब म्हणजे तेव्हाचे सर्वांत बडे संगीतकार. गाणं न्हाव्याच्या दुकानापासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत गाजलं. या एका चालीने गाण्याची तऱ्हाच बदलली, असं पुढे जाडजूड पुस्तकांतून छापून आलं. साहेबांच्या फोटोसकट.

"माझ्या घराबाहेर ही चाल फक्त तुला ठाऊक होती," मास्तर ओरडले होते. कविराज मानी माणूस. एक शब्द न बोलता त्यांनी चपला घातल्या आणि गेले ते गेलेच.

बायको तेवढी मास्तरांच्या पाठीशी उभी राहिली. तीही तेव्हा साहेबांच्या कोरसमध्ये गायची. सगळ्यांकडेच गायची. पण त्या महिन्यात तिने गाणंच सोडलं. ते गाणं रेडिओवर लागलं की हातातलं काम टाकून ती बंद करायची. मास्तरांना भरून यायचं. "जाऊ द्या," ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही संध्याकाळचे घरी तरी असता आता."

मास्तर बाहेर येऊन बसले.

"बाबा दवाखान्यात आहेत, काका," मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. तुम्ही एकदा यावं, एवढंच मागतायत."

"माफी मागायचीय?"

"नाही. आपण चोर नाही, हे तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मग तीस वर्षं तोंडाला काय कुलूप होतं?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, ज्याने मला विचारलंच नाही, त्याला मी काय सांगू?" तिने पर्समधून एक जुनी वही काढली. "ही त्यांच्या नकळत आणलीय."

"म्हणजे रक्तातच आहे म्हणायचं."

मुलीचे डोळे भरले. पण ती उठली नाही. मास्तरांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी वही उघडली.

वर डमी शब्द होते. चालीचं माप कळावं म्हणून संगीतकार आधी काहीबाही शब्द घालून म्हणतो, ते. 'मावशी मावशी खिडकी लाव, मांजर मारतंय दुधावर ताव.' मास्तरांना हसू फुटलं. त्यांचंच ते वेड. खाली कविराजांच्या अक्षरात खरं गाणं होतं, मास्तरांनी कधीच न पाहिलेलं. काय शब्द होते!

त्यांनी पेटी ओढली. मुखडा चपखल बसला. अंतऱ्यात मात्र गाडी अडली. चाल वर चढायची बाकी, आणि शब्द आधीच संपले.

"हे बघ, तुझ्या बापाचं मीटर चुकलंय."

"बाबांचं मीटर कधी चुकलंय का, काका?"

कधीच नाही. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांनी चाल शब्दांच्या मागे जाऊ दिली. अंतरा चढलाच नाही. अलगद खाली उतरला आणि शेवटच्या अक्षराला बरोबर संपला.

त्यांचा हात भात्यावरच राहिला.

"अगं पोरी, हा तर पहिला अंतरा! उतरता. चढता मी नंतर केला. तुझा बाप गावी गेला त्याच संध्याकाळी, इथेच बसून."

"आणि साहेबांच्या गाण्यात?"

"चढताच आहे. सगळ्या जगाला तोच ठाऊक आहे." मास्तरांनी पेटी मिटली. "म्हणजे तुझ्या बापाने तो ऐकलाच नव्हता गं. मी एका सज्जन माणसाला तीस वर्षं चोर म्हणत बसलो. चल, आत्ताच्या आत्ता चल."

ते धडपडत उठले, दारापाशी जाऊन बूट घालू लागले. मुलगी वही पोटाशी धरून उभी होती.

"पण काका, मग तो अंतरा साहेबांकडे गेला कसा?"

एक बूट पायात, दुसरा हातात. मास्तर थांबले. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

"अगं," त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "तो चढता अंतरा मी त्या संध्याकाळी कुणाला म्हणून दाखवला होता?"

बायको पदराला हात पुसत दारात आली.

"मला नाही आठवत," ती म्हणाली.