सहावी जागा

व्हिडिओ गेमच्या विभागीय स्पर्धेची उपांत्य फेरी होती. पडद्यावर दोघांचे सहा-सहा लढाऊ जीव समोरासमोर उभे राहिले आणि तेरुआकीने मान खाली घातली. नव्वद सेकंद होते. तेवढ्यात समोरचा संघ न्याहाळायचा आणि आपल्या सहांतले चार झुंजीसाठी निवडायचे. टेबलापलीकडे त्याची धाकटी बहीण फुमिनो बसली होती. तिने पडद्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

दोन्ही संघांतले पाच जीव तेच होते.

त्याचं तिला नवल नव्हतं. तो पाचांचा मेळ तिनेच बसवला होता, तीन महिने खपून. पाचही मारकुटे. पण नुसते मारकुटे गोळा केले तर एका डावापुरती मजा, असं ती म्हणायची. एकाला आगीचं भय असेल तर त्याच्या शेजारी आग पिणारा हवा. एकजण धावून थकला की मार खाऊन उभा राहणारा दुसरा हवा. दर रविवारी दुपारी ती भावाला बोलावून हा तोल तपासून बघायची. शेवटी तिनेच सांगितलं, तूही हेच पाच घेऊन उतर, दोघांतलं एक तरी योकोहामाला देशाच्या स्पर्धेत जाईल.

अडलं होतं सहाव्यापाशी. चिखलबेडूक नावाचा एक जाडा, संथ जीव या पाचांपुढे ठाण मांडून बसायचा. कितीही मारा, दर खेपेला तो अंगाला चिखल लिंपून आपल्या जखमा भरून काढायचा. त्याच्यावर उतारा सापडेना. ज्याला सापडेल त्याने दुसऱ्याला सांगायचं, असं ठरलं होतं. सापडला नाही, तेव्हा फुमिनोने तो बेडूकच आपल्या सहाव्या जागेवर घेतला. वैरी भारी पडत असेल तर त्याला जावई करून घ्यावं, असं म्हणून ती हसली होती.

तेरुआकीच्या सहाव्या जागेवर कंदील-पतंग होता. त्या खेळात कुणी ढुंकूनही बघत नाही असा कीटक.

तो त्याला सुचला होता तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, ताकामात्सुच्या बंदरावर बोटीच्या तिकीटखिडकीत बसल्या बसल्या. पतंगाचा उजेड अंगावर पडला की समोरच्याची जखम भरत नाही. एवढंच. तिला सांगायला त्याने फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि फोन तसाच खाली ठेवला. लहानपणापासून कुठलंही कोडं आधी सुटायचं ते तिलाच. एकदा तरी आपल्याला, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्या रविवारी तिने विचारलं, काही सुचलं का रे. तो नाही म्हणाला. पुढच्या रविवारीही नाही म्हणाला. दुसऱ्यांदा जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचीच त्याला आता जास्त लाज वाटत होती. आज, स्पर्धेच्या रविवारी, सकाळपासून तर तो मनातल्या मनात वाट बघत होता की ती आधीच्या एखाद्या फेरीत हरावी. ती हरली नव्हती.

फुमिनो नेहमीसारखीच खेळली, ओठ मिटून, झपाट्याने. अखेरीला तिचा बेडूक उरला आणि त्याचे दोघे. पतंग पुढे आला. उजेड पडला. बेडकाने अंगाला चिखल लिंपून घेतला, पण जखम होती तशीच राहिली.

फुमिनो खुर्चीत पुढे सरकली. "अगंबाई, हा होय," ती स्वतःशीच म्हणाली.

हरत होती ती, आणि तिचा चेहरा मात्र उजळला होता. तेरुआकीला त्या चेहऱ्याकडे बघवेना. पंचाने विजेता म्हणून त्याचं नाव पुकारलं तेव्हा दोघांनी रीतीप्रमाणे एकमेकांना वाकून नमस्कार केला. तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

अंतिम फेरीला वीस मिनिटं होती. फुमिनोने बाहेरच्या पेयांच्या यंत्रातून जवाच्या गार चहाचे दोन डबे काढले आणि एक त्याच्या हातात दिला.

"दादा, पतंग कधी सुचला?"

"काल," तो म्हणाला. "झोपताना."

"काल का. बरं."

मग ती पुढच्या लढतीचं बोलू लागली. समोर तोकुशिमाचा एक औषधविक्रेता होता. त्याची एक झुंज तिने मघाशी उभी राहून बघितली होती. तो पहिल्याच चालीत वादळ सोडतो, तेव्हा पतंगाला मागे ठेव, वादळ ओसरलं की काढ, असं ती सांगत होती. तेरुआकी नुसता मान हलवत होता. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. दोन-तीन चाली चुकवायच्या, हरायचं, आणि फिटंफाट करून घरी जायचं.

तरी त्याला राहवलं नाही.

"फुमिनो, काल नाही सुचला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "संघांच्या याद्या गुरुवारीच बंद झाल्या ना." तिचा आवाज चढला नव्हता. ती डब्यावरचं पाणी अंगठ्याने निपटत होती.

तो काही बोलायला गेला, तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं. तिने त्याच्या हातातला डबा काढून घेतला. त्याने तो उघडलाही नव्हता.

"आणि मुद्दाम हरून यायचा विचार असेल तर तो सोड," ती म्हणाली. "त्या सहांतले पाच माझे आहेत."